दिलेलं मत परत घेता येतं का? ऑनलाइन पोलच्या आतली यंत्रणा

सोसायटीच्या ग्रुपवर पोल येतो: पाण्याची टाकी शनिवारी धुवायची की रविवारी? घाईत ‘शनिवार’ दाबलं जातं आणि संध्याकाळी आठवतं, शनिवारी घरी पाहुणे आहेत. व्हॉट्सॲपवर हे मत काढून घेणं एका टिचकीचं काम आहे. टेलिग्रामवर त्याला दोन पायऱ्या लागतात. एक्सवर काहीच करता येत नाही. आणि भागधारक म्हणून कंपनीच्या ठरावावर ई-मतदान केलं असेल, तर ते नियमानेच पक्कं झालेलं असतं.

इतका फरक का? प्रत्येक ठिकाणी कुणीतरी बसून ठरवलेलं असतं की मत म्हणजे नेमकं काय: त्या क्षणाचं बटण दाबणं, की पोल संपेपर्यंत चालणारा विचार. पोल तयार करणाऱ्याने हे आधीच ठरवून सांगितलं नाही, तर भांडण निकालानंतर होतं.

बदलणं, मागे घेणं आणि तटस्थ राहणं

बोलताना आपण हे तिन्ही एकाच अर्थाने वापरतो. मोजणीत मात्र तिन्हींचा हिशेब वेगळा लागतो.

६० जणांचा ग्रुप आहे. ठरलंय असं की किमान ४० जणांनी मत दिलं तरच पोल ग्राह्य, आणि ज्या पर्यायाला सर्वाधिक मतं तो मंजूर. तीन पर्यायांना १८, १२ आणि १० मतं पडली. एकूण ४०, म्हणजे गणपूर्ती झाली आणि पहिला पर्याय ४५ टक्क्यांवर पुढे आहे. आता पहिल्या पर्यायाच्या ४ जणांचं मन फिरलं.

त्यांनी मत बदलून दुसऱ्या पर्यायाला दिलं, तर आकडे १४, १६, १० होतात. मतदार ४० च राहतात, पण जिंकणारा पर्याय बदलतो.

त्यांनी मत नुसतं मागे घेतलं, तर १४, १२, १० राहतात. पहिला पर्याय अजून पुढे आहे, पण मतदार ३६ उरले. गणपूर्ती मोडली, पोल रद्द.

पोलमध्ये ‘तटस्थ’ असा चौथा पर्याय होता आणि ते चौघे तिकडे गेले, तर १४, १२, १०, ४ होतात. मतदार ४०, गणपूर्ती शाबूत, पहिला पर्याय ३५ टक्क्यांवर विजयी.

माणसं तीच चार, त्यांची नाराजीही तीच, आणि निकाल तीन. म्हणून मत मागे घेण्याची सोय देणाऱ्या पोलमध्ये ‘तटस्थ’ हा पर्याय स्वतंत्रपणे ठेवावा. नाहीतर ज्याला फक्त बाजूला व्हायचं आहे तो नकळत गणपूर्ती पाडतो. आणि ज्याला ती मुद्दाम पाडायची आहे, त्याला शेवटच्या मिनिटाला तेवढंच हत्यार पुरतं.

एकापेक्षा जास्त पर्याय निवडता येणाऱ्या पोलमध्ये आणखी एक गुंता होतो. तीन खुणांपैकी एक काढली, तर मतदार अजूनही मतदानात आहे, फक्त एकूण खुणा कमी झाल्या. ४० जणांनी प्रत्येकी दोन पर्याय निवडले असतील तर खुणा ८० होतात. टक्केवारी ८० वर काढायची की ४० वर? ४० वर काढली तर सगळ्या पर्यायांची बेरीज १०० च्या वर जाते, आणि त्यात चूक काही नाही. लोकांना समजायला हीच सोपी: ‘४० पैकी २५ जणांना रविवार चालतो’.

कुठे काय चालतं

व्हॉट्सॲपवर पोलची सोय २०२२ च्या नोव्हेंबरात आली. एका पोलमध्ये १२ पर्यंत पर्याय देता येतात. पोल बनवताना ‘अलाऊ मल्टिपल आन्सर्स’ हे बटण चालू ठेवलं तर कितीही पर्याय निवडता येतात, बंद केलं तर एकच. एकच निवडायचा असेल तेव्हा दुसऱ्यावर टिचकी मारली की पहिलं मत आपोआप सुटतं. निवडलेल्याच पर्यायावर पुन्हा टिचकी मारली की मत पूर्ण निघून जातं. ‘व्ह्यू व्होट्स’मध्ये कोणी काय निवडलं ते नावानिशी दिसतं. मत काढलं की नावही जातं, पण ‘अमुक यांनी मत मागे घेतलं’ अशी ओळ ग्रुपमध्ये उमटत नाही. म्हणजे दुपारी २१ असलेला आकडा रात्री १७ का झाला, हे कुणालाच सांगता येत नाही.

व्हॉट्सॲपचे पोलही संदेशांसारखेच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कूटबद्ध असतात. मधल्या सर्व्हरला मत वाचता येत नाही, त्यामुळे बेरीज प्रत्येकाच्या फोनवरच होते. मत बदलणं किंवा काढणं हाही आतून एक छोटा संदेशच असतो. ज्याने विमानात बसून, नेट बंद असताना मत काढलं, त्याचा तो संदेश विमान उतरून नेट लागल्यावर निघतो. तोवर बाकीच्यांच्या फोनवर जुनाच आकडा दिसतो. दोन फोनवर दोन बेरजा दिसल्या म्हणून लगेच कुणावर संशय घेऊ नये. थोडं थांबून पुन्हा पाहावं.

टेलिग्रामची पद्धत वेगळी आहे. तिथे दिलेलं मत थेट बदलता येत नाही. अँड्रॉइडवर पोलच्या संदेशावर टिचकी मारून, आयफोनवर तो दाबून धरून मेनू उघडायचा, ‘रिट्रॅक्ट व्होट’ निवडायचं आणि मग नव्याने मत द्यायचं. मत काढून नव्याने द्यायचं विसरलात, तर तुमचं मत शून्य. पोल नीट बंद करायचीही सोय आहे. बनवणाऱ्याने ‘स्टॉप पोल’ केलं की देणं, बदलणं, काढणं सगळं थांबतं, आणि पोल पुन्हा उघडता येत नाही.

टेलिग्रामचाच ‘क्विझ’ प्रकार मात्र मत परत देत नाही. स्पर्धा परीक्षांच्या मराठी चॅनेलांवर रोज जे प्रश्न येतात ते या प्रकारातले असतात. उत्तर दाबल्याक्षणी बरोबर पर्याय कळतो. तो कळल्यावर उत्तर मागे घेऊन पुन्हा देता आलं, तर प्रश्नाला अर्थच राहणार नाही. बोट चुकून घसरलं तरी तिथे इलाज नाही, आणि तो नसणंच बरोबर आहे.

एक्सवर पोलला २ ते ४ पर्याय, मुदत ५ मिनिटांपासून ७ दिवसांपर्यंत, आणि दिलेलं मत बदलता येत नाही. मत दिल्याशिवाय चालू आकडे दिसत नाहीत, म्हणून नुसती उत्सुकता भागवायला कुठलंतरी बटण दाबणारे बरेच असतात. ते मत त्यांना काढताही येत नाही. मोठ्या खात्यांचे तिथले निकाल वाचताना हे लक्षात ठेवावं.

गूगल फॉर्मवर मतं गोळा करणाऱ्यांनी सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी तपासाव्यात. एक, ‘लिमिट टू १ रिस्पॉन्स’. हे चालू केलं तर मत देणाऱ्याला गूगल खात्यात शिरावं लागतं, नाही केलं तर एकच माणूस दहादा फॉर्म भरू शकतो. दुसरी, ‘अलाऊ रिस्पॉन्स एडिटिंग’. ही मुळात बंद असते. चालू केली की उत्तर बदलता येतं, पण ते पूर्ण मागे घेण्याचं बटण भरणाऱ्याकडे नसतंच, ते फॉर्मच्या मालकाकडे असतं. मालकाने फॉर्ममधून उत्तर काढलं तरी जोडलेल्या शीटमधली ओळ तशीच राहते. शीटमधली ओळ काढली तर फॉर्ममधलं उत्तर राहतं. एकाच मतदानाचे दोन वेगळे निकाल बहुतेक वेळा इथूनच निघतात. काढायचं असेल तर दोन्हीकडून काढा, आणि मोजणी कुठली धरणार ते आधी सांगा.

परत घेऊ द्यावं का?

आमचं मत असं: पोल चालू असेपर्यंत घेऊ द्यावं, मात्र चालू आकडे झाकून ठेवता येत असतील तर झाकावेत. या दोन गोष्टी एकमेकींशिवाय लंगड्या पडतात.

परत घेऊ द्यावं याचं साधं कारण म्हणजे चुका. मोबाइलवर दोन पर्यायांमध्ये बोटाच्या रुंदीइतकंही अंतर नसतं. दुसरं, पोल चालू असताना नवी माहिती येते. सहलीला महाबळेश्वर निवडलं आणि दोन दिवसांनी बसचं भाडं कळलं, तर जुनं मत धरून ठेवण्यात काय अर्थ? तिसरं कारण सर्वांत वजनदार आहे: दबाव. ‘माझ्यासमोर मत दे’ म्हणणाऱ्यासमोर मत द्यावं लागलं, तरी तो गेल्यावर ते बदलता आलं तर दबावाचा उपयोगच संपतो.

हा शेवटचा मुद्दा एस्टोनियाने थेट देशाच्या निवडणुकीत आणला. तिथे २००५ पासून इंटरनेटवरून मतदान करता येतं. मतदार हवं तितक्या वेळा पुन्हा मत देऊ शकतो, शेवटचं धरलं जातं, आणि कागदी मत दिलं तर ते ऑनलाइन मताच्या वर. त्याच वर्षी तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी आक्षेप घेतला होता की ऑनलाइन मतदाराला मत बदलता येतं, कागदी मतदाराला येत नाही, म्हणजे समानता मोडते. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. घरात बसून दिलेलं मत मुक्त आणि गुप्त राहावं, यासाठी ते बदलता येणं गरजेचं आहे, असा न्यायालयाचा रोख होता. स्वीडनमध्ये तर कागदावरच ही सोय आहे. आगाऊ मत दिलेला मतदार निवडणुकीच्या दिवशी आपल्या केंद्रावर जाऊन पुन्हा मत देऊ शकतो. त्याचं आगाऊ मताचं पाकीट मग मोजणीत घेतलं जात नाही.

उलट बाजूला आपल्याकडचं कंपन्यांचं ई-मतदान. कंपनी (व्यवस्थापन आणि प्रशासन) नियम, २०१४ मधल्या नियम २० नुसार भागधारकाने ठरावावर एकदा मत नोंदवलं की नंतर बदलता येत नाही. दूरस्थ मतदान किमान ३ दिवस उघडं असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होतं. आधी मत दिलेला भागधारक सभेला येऊ शकतो, पण तिथे पुन्हा मत देऊ शकत नाही. म्हणजे सभेत कितीही चांगली चर्चा झाली तरी आधी मत दिलेल्यांवर तिचा काही परिणाम होणार नाही. मोजणी निःसंदिग्ध राहते हा फायदा खरा, पण चर्चेची किंमत कमी होते हेही तितकंच खरं. अशा मतदानात पहिल्याच दिवशी बटण दाबून मोकळं होण्याची घाई करू नये.

मत मागे घेण्याचा गैरवापर

चालू आकडे सगळ्यांना दिसत असतील आणि मतही काढता येत असेल, तर एक खेळ खेळता येतो. दहा-बारा जण सुरुवातीलाच एका पर्यायावर मतं टाकतात. तो पुढे दिसतो, कुंपणावरचे लोक तिकडे झुकतात किंवा ‘आता काय उपयोग’ म्हणून मतच देत नाहीत. शेवटच्या पाच मिनिटांत ते दहा-बारा जण आपली मतं काढून हव्या त्या पर्यायाला देतात. नियम कुठलाच मोडत नाही.

यावर लोक सहसा ‘एकदा काढलं की परत देता येणार नाही’ असा नियम सुचवतात. त्याने चुकून दाबणाऱ्यालाच शिक्षा होते. ‘शेवटचे २४ तास मत बदलता येणार नाही’ हा त्यापेक्षा बरा, पण डाव नुसता एक दिवस अलीकडे सरकतो. आकडे निकालापर्यंत झाकले, तर डावाची हवाच जाते, कारण दाखवायला काही उरत नाही. चर्चामंचांसाठीच्या डिस्कोर्स या प्रणालीत निकाल नेहमी दाखवायचे, मत दिल्यावर, की पोल बंद झाल्यावर, हे पोल बनवतानाच निवडता येतं. तिसरा पर्याय निवडावा. ज्या ॲपमध्ये झाकायची सोय नाही, तिथे महत्त्वाचा पोल घेऊच नये, फॉर्म वापरावा.

विकिपीडियाच्या चर्चांमधला रिवाजही घेण्यासारखा आहे. एखाद्याने आपलं मत बदललं तर जुनं पुसायचं नाही. त्यावर आडवी रेघ मारून खाली नवं लिहायचं. जुन्या मताला उत्तर दिलेल्यांचं बोलणं त्यामुळे हवेत लटकत नाही. नावानिशी, कारणांसह मतं मागवली असतील तेव्हा पुसण्यापेक्षा रेघ बरी.

गुप्त मत परत कसं देणार?

मत परत घ्यायचं तर ते कुणाचं हे यंत्रणेला माहीत असावंच लागतं. टेलिग्रामच्या ‘अनामिक’ पोलमध्येही मत मागे घेता येतं. त्याचा अर्थ उघड आहे: मत बाकी सदस्यांपासून लपलेलं आहे, यंत्रणेपासून नाही. उलट नाव आणि मत यांचा दुवा दिल्याक्षणीच तोडला, तर कुठलं मत काढायचं हे कुणालाच कळणार नाही. इव्हीएमवरचं निळं बटण दाबल्यावर मत परत नाही, याच्या मुळाशी हेच आहे.

एस्टोनियाने यातून वाट काढली ती दोन पाकिटांची. आतलं पाकीट म्हणजे कूटबद्ध मत, बाहेरचं म्हणजे मतदाराची डिजिटल स्वाक्षरी. मतदान चालू असताना बाहेरच्या पाकिटावरून कळतं की या मतदाराची तीन मतं आलीत. पहिली दोन बाजूला टाकली जातात. मोजणीआधी स्वाक्षऱ्या वेगळ्या केल्या जातात, आणि मगच नावं नसलेली आतली पाकिटं उघडतात. दुवा मुदतीपर्यंत टिकतो, मोजणीत तुटतो.

लहान संस्थेला एवढं शक्य नाही. तिथे एका विश्वासू, मतदानात न उतरलेल्या माणसाकडे नावं आणि मतं असावीत, बाकीच्यांना फक्त बेरीज. निकालावर हरकतीची मुदत, समजा १५ दिवस, संपली की नावांची यादी नष्ट करावी.

स्वतःची प्रणाली बनवणाऱ्यांसाठी

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे प्रत्येक पर्यायापुढे नुसता आकडा साठवणं: मत आलं की एक वाढवा, काढलं की एक घटवा. नेट मंद असताना माणूस ‘मत काढा’ दोनदा दाबतो, दोन विनंत्या पोचतात, आणि आकडा दोनने घटतो. एकदा चुकलेला आकडा पुढे दुरुस्त करायला काही आधार राहत नाही.

त्याऐवजी प्रत्येक मताची एक ओळ ठेवा: पोल क्रमांक, सदस्य क्रमांक, पर्याय, वेळ. एका पोलमध्ये एका सदस्याची एकच ओळ असेल, असं बंधन डेटाबेसवरच घाला, फक्त कोडमध्ये नको. एकाच क्षणी दोन विनंत्या आल्या तर कोडमधली तपासणी दोघींनाही आत सोडू शकते. (बहुपर्यायी पोलमध्ये हे बंधन पर्यायासकट तिन्हींवर येतं.) मत काढणं म्हणजे ती ओळ काढणं. नसलेली ओळ दुसऱ्यांदा काढली तरी काही बिघडत नाही. बेरीज नेहमी ओळी मोजून करा.

बदलांची नोंदवही वेगळ्या टेबलात ठेवा: कोणी, केव्हा, कशावरून कशावर. ती व्यवस्थापकांपुरती असावी. आणि ‘पोल बंद झाला का’ ही तपासणी सर्व्हरच्या घड्याळाने, मत नोंदवण्याच्या त्याच व्यवहारात करा. पान उघडताना तपासून सोडलं, तर दुपारी उघडून ठेवलेल्या पानावरून मध्यरात्रीनंतरही मत निघतं.

टेलिग्रामचा बॉट लिहिणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. उघड पोलमध्ये कुणी मत मागे घेतलं की बॉटला सूचना येते, पण निवडलेल्या पर्यायांची यादी रिकामी असते. यादीतला पहिला पर्याय बिनधास्त वाचायला गेलेला बॉट तिथे कोसळतो. आणि तो सूचना सोडून पुढे गेला तर मागे घेतलेलं मत हिशेबात तसंच राहतं, ते जास्त वाईट, कारण ते कुणाच्या लक्षात येत नाही.

मतं पडल्यावर पर्यायाचा मजकूर बदलू देऊ नका. ‘रविवार सकाळ’चं ‘रविवार संध्याकाळ’ केलं, तर आधीच्यांनी न दिलेलं मत त्यांच्या नावावर चढतं. डिस्कोर्समध्ये पोल टाकल्यापासून पहिली ५ मिनिटंच दुरुस्ती करता येते, ही मर्यादा योग्य आहे. त्यानंतर चूक सापडली तर पोल बंद करून नवा घ्या.

पोल टाकताना

मुदत तारीख आणि वेळेसकट लिहा. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या ग्रुपवर वेळ कुठली तेही लिहा: भारतातले रविवारी रात्री १० म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारी १२:३० आणि हिवाळ्यात सकाळी ११:३०. शेवटची वेळ न लावलेला व्हॉट्सॲप पोल महिनोन्‌महिने उघडा राहतो, म्हणून ठरलेल्या मिनिटाला ‘व्ह्यू व्होट्स’चे स्क्रीनशॉट घ्या, शक्यतो दोघांनी दोन फोनवर. तेच लगेच ग्रुपवर टाका. त्यानंतर कुणी मत काढलं तरी निकाल त्या चित्राचा. आणि पुनर्विकासासारख्या विषयावर असा पोल फक्त कल जाणून घेण्यापुरता. ठराव सर्वसाधारण सभेत आणि इतिवृत्तातच व्हायला हवा.

पोलच्या वर चिकटवायला एवढा मजकूर पुरेल:

‘मुदत: रविवार रात्री १०, भारतीय वेळ. तोपर्यंत मत बदलता किंवा काढता येईल. शेवटी जे असेल तेच धरलं जाईल. कुठलीच बाजू घ्यायची नसेल तर मत काढू नका, “तटस्थ” निवडा. किमान ४० मतं हवीत, तटस्थ धरून. समान मतं पडली तर त्या दोन पर्यायांचाच पुन्हा पोल, २४ तासांचा.’